इग्निशन कॉईल, प्लग आणि प्लग-वायर : कोल्हापुरातल्या पेट्रोल गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी मिसिंग करते. गॅरेजवाला म्हणतो कॉईल गेली. लगेच बदलू का?

थांबा. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. कॉईल खरंच जाते, पण ती जाण्यामागे बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं : झिजलेला प्लग, फाटलेला रबरी बूट (प्लगच्या डोक्यावर बसणारी टोपी), प्लग ज्यात बसतो त्या खड्ड्यात साचलेलं ऑईल. ते तसंच ठेवून नवी कॉईल बसवली की काही महिन्यांनी तीही जाते आणि दोष कंपनीला लागतो. आधी कोणता सिलिंडर बंद आहे ते शोधा, मग त्या सिलिंडरचा प्लग काढून बघा आणि कॉईलचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यासाठी १० नंबरचा पाना आणि प्लगची गोटी एवढं पुरतं.

बॅटरी १२ व्होल्टची, मग प्लगला हजारो व्होल्ट कुठून येतात?

कॉईलमध्ये लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. प्रायमरी जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. सेकंडरी केसासारख्या तारेची, वेढे प्रायमरीच्या साधारण शंभरपट. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, प्रायमरीतून २ ते ४ मिलिसेकंद करंट सोडतो, तो वाढत ६ ते १० अँपिअरपर्यंत जातो आणि मग एकदम तोडला जातो. ठिणगी या तोडण्यातून निघते. गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, प्रायमरीतच ३०० ते ४०० व्होल्टचा धक्का उठतो आणि सेकंडरीत त्याचे २० ते ४० हजार व्होल्ट होतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॉईल दर वेळी पूर्ण ४० हजार व्होल्ट देत नाही. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जेवढे लागतात तेवढ्यावरच व्होल्टेज चढतं आणि थांबतं. न्यूट्रलला ८-१० हजारांत काम भागतं. फट रुंद झाली की मागणी वाढते आणि तो सगळा ताण कॉईलच्या आतल्या इन्सुलेशनवर येतो.

शहरात गाडी छान चालते, पण वाघबिळापासून पन्हाळ्याचा चढ लागला की झटके मारते. असं का?

कारण चढाला तुम्ही अॅक्सिलरेटर जास्त दाबता, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं आणि दाब वाढतो. दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला व्होल्टेजही जास्त लागतं. रंकाळ्याला चक्कर मारताना १० हजारांत भागतं, तिथे चढाला २० हजारांच्या पुढे जावं लागतं. मग वायरला किंवा बुटाला बारीक भेग असेल तर ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी त्या भेगेतून इंजिनच्या बॉडीला जाते. विजेला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने कशाला जाईल?

म्हणून सपाट रस्त्यावर ट्रायल घेऊन "गाडी ठीक आहे" म्हणणारा निम्मंच काम करतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला गाडी ओढायला लावा. उसाच्या ट्रॉलीमागून सरकताना गिअर न बदलता रेस दिली की जे होतं, नेमकं तेच. दोष असेल तर तिथेच कळतो. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी सहसा सलग दबते, पिकअप हळूहळू मरतो. इग्निशनचा दोष मात्र तुटक, ठोक्यासारखा जाणवतो. हा फरक शंभर टक्के पक्का नाही, पण सुरुवात करायला बरा.

माझ्या गाडीत प्लग-वायरच दिसत नाहीत. मग कॉईल कुठे आहे?

तीन प्रकार आहेत. जुन्या गाड्यांत एकच कॉईल आणि एक डिस्ट्रिब्युटर, ज्याला आपल्याकडे सगळे डेल्को म्हणतात. त्यातून प्रत्येक प्लगला जाड एचटी (उच्च दाबाची) वायर जाते. त्यानंतर कॉईल-पॅक आला. चार सिलिंडरला दोन कॉईल, एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. जोडीतल्या दोन्ही प्लगवर एकाच वेळी ठिणगी पडते, एक कामाची आणि दुसरी एक्झॉस्टच्या वेळी पडून वाया जाणारी. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल बसलेली असते, पेन्सिलसारखी, आणि वायरच्या जागी फक्त रबरी बूट आणि आत स्प्रिंग.

निदानासाठी याचा फायदा होतो. कॉईल-पॅकच्या गाडीत १ आणि ४ एकदम बंद पडले तर संशय कॉईलवर. एकटाच १ बंद असेल तर आधी वायर आणि प्लग.

कोणता सिलिंडर बंद आहे हे स्कॅनरशिवाय कळेल का?

कळतं. इंजिन न्यूट्रलला ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून परत लावा. चालू सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिन दबतं, थरथरतं. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला आहे. स्वतंत्र कॉईलच्या गाडीत कॉईलचा छोटा कनेक्टर काढूनही हेच करता येतं, पण तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जातं, म्हणून इंजेक्टरचाच काढलेला बरा. या खेळात चेक इंजिनचा दिवा लागेल. तो नंतर कोड (ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) पुसल्यावर जातो.

स्कॅनर असेल तर पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, याप्रमाणे. पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, कुठलाही. पी०३५१ ते पी०३५४ हे त्या-त्या कॉईलच्या सर्किटचे कोड, यात कॉईलइतकाच कनेक्टर आणि वायरिंगचाही दोष असू शकतो.

आता अदलाबदल. समजा पी०३०२ आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा. प्लग जागेवरच राहू द्या. कोड पुसा आणि चढाची ट्रायल घ्या. पी०३०३ आला तर कॉईल किंवा तिचा बूट खराब. पी०३०२ च आला तर कॉईल निर्दोष, आता प्लगची तशीच अदलाबदल करा. प्लग बदलूनही कोड जागचा हलत नसेल तर इंजेक्टर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघायची वेळ आली. एका वेळी एकच वस्तू हलवा. दोन्ही एकदम हलवल्या तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इंजिन चालू ठेवून प्लग-वायर ओढायची आणि करंट बघायचा, ही पद्धत चालते का?

पॉईंटच्या, म्हणजे ईसीयूऐवजी यांत्रिक कॉन्टॅक्टने करंट तोडणाऱ्या, गाड्यांच्या काळात सर्रास चालायची. आता करू नका. वायर लोंबकळली की ठिणगीला वाट राहत नाही, व्होल्टेज कॉईलच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतं आणि आतलं इन्सुलेशन किंवा ईसीयूतला ड्रायव्हर (कॉईलचा करंट सोडणारा-तोडणारा भाग) फुटतो. शिवाय झटका बसतो तो वेगळाच. हात दचकून फॅनमध्ये जाण्याचा धोका झटक्यापेक्षाही मोठा. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी तर चालू इग्निशनच्या आसपास हात घालूच नये. ठिणगी बघायचीच असेल तर स्पार्क टेस्टर वापरा. त्याची क्लिप बॉडीला घट्ट लावलेली असली पाहिजे.

पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारून मारून गाडी सुरू होत नाही, दुपारी उन्हात ठीक. हे काय?

कोल्हापूरच्या जून-ते-सप्टेंबरची ही ठरलेली तक्रार आहे. गगनबावडा, राधानगरी, आंबा भागातल्या गाड्यांत जास्त. नुसत्या स्वच्छ पाण्यातून वीज फारशी गळत नाही. वायरवर, बुटावर आणि डेल्कोच्या झाकणावर बसलेली धूळ, तेलकट थर आणि त्यावर दमट हवा हे तिन्ही जमले की वाट तयार होते.

बघायचं कसं? रात्री किंवा अंधाऱ्या शेडमध्ये बॉनेट उघडा, इंजिन चालू करा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर धुक्यासारखा पाण्याचा फवारा मारा. हात लांब ठेवा. जिथे गळती आहे तिथे निळसर ठिणगी वायरीवरून बॉडीकडे उडी मारताना दिसते आणि टिक्-टिक् आवाज येतो. ती वायर बदलायची. चिकटपट्टी गुंडाळून फारतर घरापर्यंत पोहोचता येतं.

डेल्को असलेल्या गाडीत झाकण काढून आतून पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ एका पितळी टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली तर ती कार्बनची वाट आहे. पॉलिश पेपरने घासून ती जात नाही, झाकणच बदलावं लागतं.

सर्व्हिसिंगला इंजिन धुतलं आणि तेव्हापासून मिसिंग सुरू झालं.

प्रेशरचं पाणी प्लगच्या खड्ड्यात गेलंय. वरून सगळं कोरडं दिसतं, आत बोटभर पाणी असतं. इंजिन तापलं की त्याची वाफ होते आणि बुटाच्या आतून ठिणगी बॉडीला जाते. कॉईल काढा, खड्ड्यात एअर मारा, बूट आतून पुसून वाळवा, परत बसवा. उशीर केला तर बुटात काळी रेघ उमटते आणि मग बूटही जातो. मुळात इंजिन प्रेशरने धुऊ नये. ओलसर फडकं आणि ब्रश पुरतो. पण चकचकीत इंजिन बघितलं की गिऱ्हाईक खूश होतं, त्यामुळे धुणारे थांबत नाहीत.

प्लग स्वतः बदलायचे आहेत. क्रमाने सांगा.

इंजिन थंड असू द्या. हेड अॅल्युमिनिअमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे निघून हातात येतात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी घ्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा.

कॉईलच्या कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. उष्णतेने ते प्लास्टिक पापडासारखं कडक झालेलं असतं, कट् करून तुटतं. १० नंबरचा बोल्ट काढा. कॉईल थोडी उजवी-डावी फिरवा, बूट सुटला की सरळ वर घ्या. वायर असेल तर बुटाला धरून पिळून काढा. वायर ओढली तर आतली कार्बनची दोरी तुटते आणि वरून काहीच दिसत नाही.

मग खड्ड्यात एअर मारा. ही पायरी कुणीही गाळतो आणि तिथेच फसतो : खड्ड्यातली वाळू प्लग काढल्या क्षणी सिलिंडरमध्ये पडते.

प्लगच्या गोटीचा नंबर प्लगनुसार १६ किंवा २१, काही नव्या बारीक प्लगना १४. गोटीत रबर किंवा चुंबक असावं. प्लग सैल करा, अडत असेल तर थोडं पेनिट्रेटिंग ऑईल सोडून वाट बघा, मागे-पुढे करत काढा.

नवा प्लग बसवताना पाना आधी लावायचाच नाही. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवा आणि त्याने हातानेच फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, हेड वाचतं. हाताने पूर्ण बसला की मग पाना. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२. टॉर्क पाना नसेल तर नव्या वॉशरचा प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. बिनवॉशरच्या निमुळत्या बैठकीचा प्लग फक्त सोळावा हिस्सा फेरा, जेमतेम. सगळ्या आकड्यांवर गाडीच्या मॅन्युअलचा अधिकार वरचा.

आट्यांना ग्रीस लावू नका. हल्लीच्या प्लगना प्लेटिंग असतं, ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस हवं तर बुटाच्या आतल्या कडेला पातळ बोट फिरवा. बूट पांढरा होईपर्यंत भरायचा नाही.

काढलेला प्लग बघून काय समजतं?

टोक विटकरी-तपकिरी किंवा फिकट राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला चकचकीत काळा म्हणजे ऑईल वर येतंय. पांढराफटक आणि टोकाला फोड म्हणजे प्लग अति तापतोय.

आता प्लग उभा धरून पांढऱ्या चिनी मातीकडे बघा. षटकोनी लोखंडाच्या जरा वर तपकिरी कडं दिसेल. त्याला घाबरू नका. तो उच्च व्होल्टेजने हवेतल्या तेलकट कणांचा बसलेला डाग आहे, गॅस गळती नाही. घाबरायचं ते उभ्या काळ्या रेघेला. वरच्या टोकापासून लोखंडापर्यंत केसासारखी रेघ ओढलेली दिसते, बोटाने पुसली जात नाही. ठिणगी तिथून बाहेरच्या बाहेर पळत होती. त्याच बुटात आत टॉर्च मारून बघा, प्लगवरच्या रेघेसमोर तशीच रेघ सापडेल. एकटा प्लग बदलला तर जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगवर पुन्हा वाट पाडते, म्हणून दोन्ही सोबत बदला.

प्लगच्या खड्ड्यात ऑईल आहे.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीभोवतीची रबरी रिंग गेली. ऑईलने बूट फुगतो, मऊ पडतो आणि फुटतो. आधी पॅकिंग, मग बूट किंवा कॉईल. उलटं केलं तर पैसे दोनदा जातात.

गॅप, म्हणजे प्लगची फट, किती ठेवू? आणि प्लगवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

पॉईंटच्या जुन्या गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नव्या गाड्यांना बहुधा १.० ते १.१. नेमका आकडा मॅन्युअलमधून किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवरून घ्या. गॅप कमी-जास्त करताना बाहेरची वाकडी पट्टी हलवा, मधल्या टोकाला गेज टेकवून रेटू नका. इरिडियमचं टोक सुईइतकं असतं आणि सहज मोडतं, त्यामुळे तो शक्यतो कारखान्यातून आला तसाच बसवावा.

उदाहरण म्हणून एनजीके कंपनीचा बीपीआर६ईएस बघा. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. मधला ६ हा उष्णतेचा क्रमांक. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. दुकानात "हाच चालतो" म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग दिला तर या आकड्यांची सरळ तुलना करू नका. रेझिस्टरवाल्या गाडीत बिनरेझिस्टरचा प्लग टाकला तर रेडिओत खरखर येतेच, सेन्सरच्या सिग्नललाही त्रास होतो.

साधे निकेल प्लग २० ते ३० हजार किलोमीटर, इरिडियम बऱ्याच गाड्यांत लाखाच्या आसपास. इरिडियमने मायलेज दुप्पट होतं वगैरे ऐकलं असेल तर सोडून द्या. त्याचा खरा फायदा टिकाऊपणा.

मल्टीमीटरने कॉईल आणि वायर तपासता येते का?

दोन पिनांची कॉईल असेल तर प्रायमरी ०.४ ते २ ओहमच्या दरम्यान भरते. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी टेकवा, जे ०.२-०.३ दिसेल ते वजा करा. जुन्या पॉईंटच्या कॉईलला प्रायमरी सुमारे ३ ओहम, बॅलास्टवालीला (बाहेर वेगळा रेझिस्टर जोडलेली) दीडच्या आसपास. तीन-चार पिनांच्या कॉईलमध्ये बऱ्याचदा आतच इलेक्ट्रॉनिक्स असतं, अशी कॉईल मीटरने मोजून काहीच सिद्ध होत नाही. आणि मीटरवर बरोबर भरणारी कॉईल गरम झाल्यावर दगा देऊ शकते, म्हणून अदलाबदलीची ट्रायल मीटरपेक्षा जास्त विश्वासाची.

वायरला मात्र मीटर उपयोगी. कार्बनवाल्या वायरीला दर एक मीटर लांबीमागे १० ते २० किलोओहम येतात. चारही वायरी मोजा आणि लांबीच्या हिशेबाने तुलना करा. एखादी भलतीच वर गेली, किंवा हलवताना आकडा नाचला, तर ती काढा.

वायरी काढल्या आणि आता कुठली कुठे ते आठवत नाही!

बहुतेक चार सिलिंडर इंजिनांचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, मारुती ८०० चा १-३-२. पहिला सिलिंडर सहसा टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूचा. डेल्कोचा रोटर ज्या दिशेला फिरतो त्या दिशेने हा क्रम मोजायचा. पुढच्या वेळी एक-एक वायर बदला किंवा काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

वायरी क्लिपांतच बसवा. १-३-४-२ मध्ये ३ नंतर लगेच ४ पेटतो आणि दोन्ही शेजारी असतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या तर एकीतला करंट दुसरीत उतरतो आणि चौथा वेळेआधी पेटू शकतो. मॅनिफोल्डपासूनही चार बोटं लांब.

सीएनजी किंवा एलपीजीवर गाडी मिसिंग करते, पेट्रोलवर ठीक.

गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. पेट्रोलवर कशीबशी चालणारी वायर गॅसवर उघडी पडते. बाहेरून बसवलेल्या किटच्या गाडीत गॅप ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी ठेवतात आणि साधे प्लग निम्म्या अंतरावर बदलतात. कंपनीच्या सीएनजी गाडीला कंपनीचाच आकडा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. कागलपर्यंत जाऊ का?

नाही. स्थिर दिवा म्हणजे लवकर दाखवा. लुकलुकणारा म्हणजे आत्ता कन्व्हर्टर जळतोय, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतंय. कन्व्हर्टरच्या किमतीत कॉईलचे कितीतरी संच येतात. हायवे सोडून कडेला घ्या.

चालता चालता चारही सिलिंडर एकदम बंद पडले. चारही कॉईल गेल्या?

जवळपास कधीच नाही. फ्यूज, रिले, क्रँक सेन्सर, बॉडीचं अर्थिंग बघा. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात अनेकांनी हीच चूक केली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी काढा, सगळे प्लग काढा, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. पाणी भोकांतून बाहेर येईल. ऑईल दुधट दिसलं तर ते आधी बदला. कॉईलचे कनेक्टर उघडून आतला गाळ कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा. पंचगंगेचा तो बारीक गाळ वाळला की पिनांवर हिरवट गंज धरतो आणि गाडी चार महिन्यांनी अधूनमधून बंद पडायला लागते, तेव्हा पुराची कुणाला आठवणही नसते.